काकांचा पाय आणि गाडीचं डावं चाक

डहाणूला जाणारी माणसं समुद्र बघायला जातात, चिकू आणायला जातात, नाहीतर महालक्ष्मीच्या दर्शनाला जातात. मी एका जुन्या गाडीचे ब्रेक बघायला गेलो होतो. चार दिवस राहिलो. समुद्र दिसला, कारण तो घराच्या मागेच होता. चिकू मिळाले, कारण तिथे ते सगळ्यांनाच देतात. महालक्ष्मी राहून गेली. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, "काय पाहिलंस?" मी म्हणालो, "डावं चाक." त्यावर कोणी पुढे काही विचारलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

२०१७ सालचा डिसेंबर होता. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळतो. माझे वडील मेहकरच्या बसस्थानकावर हमाल होते. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. 'इंजिनिअर' अशी कोणी हाक मारली तर ती मलाच मारली आहे हे लक्षात यायला मला अजून थोडा वेळ लागतो.

नाशिकच्या वसतिगृहात हेमंत चार वर्षं माझ्या खोलीत होता. तो डहाणूजवळच्या आगर गावचा. त्याची आई दर पंधरा दिवसांनी सुक्या बोंबलाच्या चटणीचे दोन डबे पाठवायची. एका डब्यावर 'हेमंत' लिहिलेलं असायचं, दुसऱ्यावर 'त्याचा दोस्त'. त्यांनी मला तेव्हा पाहिलेलंही नव्हतं. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला, तोही सणासुदीला कोणी दिला तर. पहिला डबा उघडला तेव्हा मी वासाने खोलीबाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या महिन्यात आमची मेस बंद पडली आणि मी आत येऊन बसलो. माझ्या पदवीत त्या डब्यांचा वाटा किती, हे गुणपत्रिकेवर लिहिलेलं नाही. मला मात्र माहीत आहे.

तर डिसेंबरात हेमंतचा फोन आला.

"बाबांच्या हातातून गाडी काढून घ्यायचीय. माझं ऐकत नायत. तू ये आणि सांग."

"काय सांगू?"

"पाय खराब झालाय म्हणून."

"मी डॉक्टर नाही."

"अरे, ब्रेकवरचा पाय. ते तुझ्याच लाइनमध्ये येतं."

मी म्हणालो, आधी गाडी बघेन, मग सांगेन. हेमंत म्हणाला, बघ, पण सांग. मी प्रयोगशाळेतला मायक्रोमीटर आणि डायल गेज 'शैक्षणिक उपयोगासाठी' अशी वहीत नोंद करून घेतले, टॉवेलमध्ये गुंडाळले आणि निघालो.

डहाणू रोड

स्टेशनबाहेर हेमंत मोटारसायकल घेऊन उभा होता. तो सीमेपलीकडे गुजरातेत वापीच्या एका कारखान्यात नोकरी करतो, माझ्यासाठी रजा टाकून आला होता. आधी त्याने मला नाश्त्याला नेलं. हॉटेलवाला आमच्याशी मराठीत, शेजारच्या टेबलाशी गुजरातीत आणि भट्टीवरच्या माणसाशी हिंदीत बोलत होता. मेहकरला एका भाषेत जेवढा गोंधळ होतो, त्यापेक्षा इथे तीन भाषांत कमी होत होता.

खाताना हेमंतने सगळं सांगितलं. त्याचे वडील, म्हणजे काका, पूर्वी तांडेल होते, होडीवरचे मुख्य. गुडघा गेल्यावर होडी थोरल्या भावाकडे गेली आणि काकांकडे ही जुनी पांढरी गाडी उरली. आठवड्यातून तीनदा ते काकींना सुक्या माशांच्या टोपल्यांसह वेवजीच्या पाड्यांवर आणि तलासरीच्या बाजाराला न्यायचे. गेल्या वर्षभरात ब्रेक दाबला की गाडी थरथरू लागली. डहाणूतल्या एका गॅरेजवाल्याने दोनदा काम केलं. पॅड बदलले, डिस्क घासून सरळ केल्या. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी. दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात आणि गाडी थांबते. दोन महिने बरे गेले की थरथर परत यायची. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, गाडीत काही नाही, काकांचा पाय जड आहे. म्हातारी माणसं ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात.

"आणि मग पंधरा दिवसांपूर्वी वेवजीच्या उतारावर शेळी आडवी आली," हेमंत म्हणाला. "बाबांनी ब्रेक मारला. गाडी थडथडली आणि डावीकडे खेचून सरळ शेतात. आईचा हात मुरगळला. टोपली उलटी."

"आणि शेळी?"

"शेळी मस्त आहे. सगळे शेळीचंच विचारतात."

त्या दिवसापासून चावी हेमंतच्या खिशात होती. काकी एका हाताने टोपल्या उचलू शकत नव्हत्या, म्हणून त्यांची फेरीही बंद. काका दिवसभर ओट्यावर बसून असत. आता मी जे सांगेन त्यावर ठरणार होतं की ती चावी काकांना परत मिळायची की नाही. हे मला फोनवर कळलं नव्हतं. हॉटेलात कळलं, आणि मी दुसरा चहा मागवला.

आगर

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. आगरला अंगणात कपडे कमी आणि मासे जास्त वाळत असतात. बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणतात आणि दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टांगतात. लांबून वाटतं की कोणीतरी मोज्यांचे जोड वाळत घातले आहेत. ताजे टांगले की पहिला दिवस त्यांच्यातून पाणी गळत राहतं. हे मला गाडीजवळ उभं राहिल्यावर समजलं. खांद्यावर चार थेंब पडले आणि तो शर्ट उरलेला प्रवास बॅगेत वेगळ्या पिशवीत राहिला.

मी दोरीखाली उभा होतो, कारण गाडी दोरीखाली उभी होती. एका ओळीला शेवटचा बांबूच नव्हता, आणि त्या दोरीचं टोक गाडीच्या टपावरच्या कॅरिअरला बांधलं होतं. गाडी न्यायची असली की दोरी सोडून माडाला बांधायची, आल्यावर परत गाडीला. माड लांब पडतो, दोरी लोंबते, मग कुत्र्यांचं तोंड पोचतं. मला ही सोय आवडली. आमच्याकडे मोटारसायकलवर गोधडी वाळत घालतात, त्याचाच हा मोठा प्रकार, एवढंच मी त्या वेळी मनात म्हणालो. पदवीचा तिथे काही उपयोग झाला नाही.

काकींनी उजव्या मनगटाला हळद लावून फडकं बांधलं होतं. त्यांनी डाव्या हाताने मला वाढलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, कोलंबी. आमची ज्वारीची भाकरी कोरड्या पिठावर थापतात, ही पाण्याच्या हाताने परातीत थापतात आणि ती इतकी पातळ असते की मी सात खाल्ल्या आणि तरी काकींना वाटलं मी लाजतो आहे.

"खा रे. चार वर्षं डब्यातून खाल्लंस, आता ताटातून खा." मग काकांकडे बघून म्हणाल्या, "आणि ह्यांना सांग जरा. वय झालं की पाय ऐकत नाय. मी पंधरा दिवस तेच बोलते."

"पंधरा नाय," काका म्हणाले. "तेरा."

"बघ. मोजतात. रस्त्यावर असं लक्ष असतं तर माझा हात नसता मोडला."

"मुरगळला."

काका त्या संध्याकाळी माझ्याशी गाडीविषयी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला भरती-ओहोटी समजावून सांगितली, वारा कुठून येतो ते सांगितलं आणि मग विचारलं, "मेहकरला पाणी कुठचं?" मी धरणाचं नाव सांगितलं. "खारं?" "गोडं." त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

वेवजी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेमंतला म्हणालो, काकांनी चालवल्याशिवाय मला काही कळणार नाही. त्याने 'आजच्यापुरती' असं म्हणत चावी दिली. काकी आल्या नाहीत. त्यांनी वेवजीच्या जानकीबाईंसाठी बोंबलाची एक जुडी दिली आणि दोरी सोडून माडाला बांधली. हेमंत मागे बसला, मी पुढे काकांशेजारी. मी रस्ता कमी आणि काकांचे पाय जास्त बघत होतो. ते त्यांच्या लक्षात आलं.

"चपला काढू का?" त्यांनी विचारलं.

घोलवडपर्यंत दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या आहेत. झाडं इतकी गोल आणि दाट की सगळ्यांचे केस एकाच न्हाव्याने कापले असावेत. पुढे रस्ता समुद्राकडे पाठ करून आत वळला की भातकापणी झालेली शेतं, ताडाची झाडं आणि कुडाची घरं लागतात. एका ठिकाणी मडकी घेऊन बसलेल्या बाईंनी सकाळी सकाळी ताडी पुढे केली. मी नको म्हणालो तर त्यांनी हेमंतला विचारलं, "पावणा आजारी हाय काय?"

काकांच्या पायाबद्दल मात्र मला जे दिसलं ते अपेक्षेच्या उलट होतं. काका ब्रेकवर पाय ठेवून चालवत नव्हते. ते ब्रेक जवळजवळ लावतच नव्हते. वळण लांब असतानाच ते गाडीचा वेग उतरवत आणि गाडी आपोआप मंद होत त्या वळणाशी जाऊन पोचे.

"ब्रेक कमी लावता," मी म्हणालो.

"होडीला कुठे असतो ब्रेक? धक्का दोनशे हात लांब असताना मशीन बंद करायचं. मग ती आपली आपली जाऊन लागते." थोड्या वेळाने म्हणाले, "चाळीस वर्षांत एकदाही धक्क्याला ठोकली नाय. त्याचं कोणी बोलत नाय."

वेवजीच्या उतारावर मी त्यांना मुद्दाम जोरात ब्रेक लावायला सांगितलं. पायडल त्यांच्या पायाखाली धडधडलं, स्टिअरिंग हलायला लागलं, गाडी डावीकडे ओढली गेली. मागून हेमंत म्हणाला, "बघितलंस?" मी बघितलं होतं. त्या वेळी काकांचा पाय एकदम स्थिर होता.

जानकीबाईंच्या घरापुढे गाडी थांबली. खाली उतरून मी चाकांजवळ हात नेला. उजवं चाक कोमट. डावं इतकं तापलेलं की हात मागे घ्यावा लागला. जानकीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मोजून बोलणाऱ्या, पन्नाशीच्या.

"मावशी नाय आली?"

"हात दुखतो," काका म्हणाले.

"दोन आठवडे बोंबील नाय. पोरं नुसत्या भाताला तोंड वाकडं करतात." त्यांनी जुडी घेतली आणि आतून वालाच्या शेंगांची पिशवी आणून गाडीत ठेवली. इथे काकी मासे देतात आणि पाड्यावरची माणसं तांदूळ, शेंगा, जे असेल ते देतात. किती द्यायचं हे कोणी बोलत नाही. आमच्या बाजारात हा व्यवहार पाच मिनिटांत भांडणावर आला असता. "मावशीला सांगा, यायलाच पायजे. रिक्षावाला आत येत नाय."

"गाडी बंद आहे," हेमंत म्हणाला.

जानकीबाईंनी गाडीकडे पाहिलं. ती त्यांच्या दारात उभी होती आणि आत्ताच चालत आली होती.

तलासरी

तलासरीला हायवेच्या कडेला ट्रकांची गॅरेजं आहेत. त्यातलं एक बाबूभाईंचं. बाबूभाई वलसाडकडचे. त्यांचं मराठी आणि माझं गुजराती, दोन्ही एकमेकांना पुरेल एवढंच होतं. त्यांनी जॅक लावला, डावं चाक काढलं, एकदा आत वाकून बघितलं आणि हेमंतला म्हणाले, "डिस्क गयी. डावी-उजवी दोन्ही नवीन घ्या, जोडीनं. वापीला मळशे. आत्ता जाल तर दुपारी बसवतो."

हेमंत त्यांच्याच ओळखीच्या टेम्पोतून निघाला. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "नीट बघ. आणि संध्याकाळी आईसमोर सांग. तिच्यासमोर सांगितलंस तरच ऐकतील."

मग मी टॉवेलची गुंडाळी सोडली. डायल गेज म्हणजे काटा असलेली एक तबकडी असते. ती डिस्कला टेकवून डिस्क हळूहळू फिरवली की डिस्क कुठे वाकडी आहे ते काटा दाखवतो. बाबूभाई कौतुकाने बघत होते.

"हे घड्याळ किती वाजले सांगत नाय?"

"नाही."

"तो मग आम्ही बोटाने बघतो, तेच बरं."

त्यांनी डोळे मिटून डिस्कवर बोट फिरवलं आणि तीन ठिकाणी "इथे" म्हणाले. माझा काटा त्याच तीन ठिकाणी हलला. मग मी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. उजवी डिस्क आठही ठिकाणी सारखी होती. डावी एकीकडे जाड, समोरच्या बाजूला पातळ, आणि तिच्यावर पॅडच्या आकाराचे गंजाचे ठसे उमटले होते, गाडी प्रत्येक वेळी जिथे उभी राहिली तिथे एक. पॅड काढले तर आतला पार झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा.

कारण बाबूभाईंनी हातोडीने ठोकून बाहेर काढलं. दोन्ही पॅडना चिमट्यासारखा धरणारा जो भाग असतो, कॅलिपर, तो दोन पिनांवर मागेपुढे सरकायला हवा. डाव्या चाकाच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या. ब्रेक सोडला तरी चिमटा सुटत नव्हता. एकच पॅड डिस्कला घासत राहायचा, डिस्क तापायची, वेडीवाकडी झिजायची. उजव्या चाकाच्या पिना बोटाने सरकल्या. डहाणूच्या गॅरेजवाल्याने डिस्क दोनदा घासली, पॅड दोनदा बदलले, पण पिना उघडून पाहिल्याच नव्हत्या. बदललेल्या पॅडचं डाव्या चाकावर पुन्हा तेच व्हायचं.

मी काकांना म्हणालो, "तुमच्या पायाचा दोष असता तर दोन्ही चाकं सारखी झिजली असती. पाय एकच असतो. तो दाबला की दोन्हीकडे सारखाच दाब जातो. फक्त डावं चाक झिजलंय, म्हणजे पाय नाही."

काकांचा चेहरा तेरा दिवसांत पहिल्यांदा सैल झाला असावा, असं मला वाटलं.

बाबूभाई पिन उजेडात धरून बघत होते. "आ तो खारं पाणी छे. नुसत्या हवेनं असं होत नाय. वरून पाणी पडलंय, रोज. गाडी क्यां उभी रहे छे?"

"अंगणात," मी म्हणालो. "पण मग फक्त डाव्याच..."

आणि मी थांबलो. माझ्या खांद्यावर चार थेंब पडले होते तेव्हा मी डाव्या चाकाशीच उभा होतो. काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. ते म्हणाले, "चल, चहा घेऊ."

चहाच्या टपरीवर ते बराच वेळ हायवेवरचे ट्रक बघत राहिले.

"संध्याकाळी हेमंत विचारेल. पाय माझाच सांग."

"पण पाय तुमचा नाही, काका."

"पाय माझाच आहे. चूक त्याची नाय, एवढंच." त्यांनी बशी खाली ठेवली. "गेल्या वर्षी वादळी वाऱ्यात बांबू मोडला. ती बोलली, गाडी नुसती उभीच असते, तिला बांधते. मी हो बोललो. आता तिला कळलं की तिच्या बोंबलाच्या पाण्यानं ब्रेक गेला, तर हात मोडला तो तिनेच मोडला असं होईल. ती ते विसरणार नाय. मी बसेन घरी. मला काय."

"मुरगळला," मी म्हणालो.

"हां. मुरगळला."

मी चार वर्षं त्या बोंबलांवर शिकलो, आणि पदवी वापरून पहिलं निदान केलं ते त्याच बोंबलांच्या विरुद्ध. काकींच्या तोंडावर हे सांगायची माझी हिंमत नव्हती. काकांवर खोटं लादायचीही नव्हती. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, असा निर्णय मी चहाचा दुसरा कप संपेपर्यंत घेतला. तो कसा पाळायचा याचा विचार करायला तिसरा कप हवा होता, पण हेमंत डिस्क घेऊन आला.

दुपारी बाबूभाईंनी दोन्ही डिस्क आणि पॅड नवे बसवले, पिना घासून ग्रीस लावून परत घातल्या. जुन्या डिस्क काकांनी पोत्यात घालून बरोबर घेतल्या. होडीवर जाळ्याला वजन म्हणून चालतात म्हणे. परतताना गाडी हेमंतने चालवली. काका मागे पोत्याशेजारी बसले.

पुन्हा आगर

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. गाडी थांबताच काकी दोरी माडावरून सोडून गाडीला बांधायला लागल्या, एका हाताने आणि दातांनी. बोंबील त्याच दिवशीचे होते. हेमंतने त्यांना मदत केली. काका आणि मी बघत राहिलो. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी बूट काढत होतो.

हेमंत ओट्यावर बसला. "बोल आता. काय निघालं?"

"डावी डिस्क झिजली होती. पिना जाम होत्या."

"ते झालं. पण झिजली कशानं?"

काका म्हणाले, "माझा पाय. सांगितलं ना त्या गॅरेजवाल्याने. चावी ठेव तुझ्याकडे."

हेमंतने माझ्याकडे पाहिलं. त्याला हवं होतं तेच झालं होतं, तरी तो खूश दिसत नव्हता. मी जमिनीकडे बघत होतो.

काकींनी पोतं उचलून बाजूला ठेवायला घेतलं, जड लागलं म्हणून तोंड उघडून बघितलं, आणि एक डिस्क बाहेर काढून मांडीवर घेतली.

"ही कुठची?"

"डावीकडची," हेमंत म्हणाला.

"आणि ती?"

"उजवीकडची."

त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या. डाव्या डिस्कच्या कडेवरून अंगठा फिरवला. गंजाचे पापुद्रे निघाले. मग त्या उठल्या, घरात गेल्या आणि तराजूची एक जुनी साखळी घेऊन आल्या. तिच्या अर्ध्या कड्या खाल्लेल्या होत्या.

"ही दोरीखाली टांगलेली होती. एका मोसमात अशी गेली." साखळी डिस्कवर ठेवली. दोन्हींचा गंज एकच होता, पापुद्र्यांचा, नारिंगी. मग त्यांनी अंगणात बघितलं. बोंबलाचं पाणी डाव्या चाकावर पडत होतं. टप, टप. आवाज इतका स्पष्ट होता की आधी तो कोणाला कसा ऐकू आला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

"पाय?" त्यांनी काकांना विचारलं.

"पाय," काका म्हणाले.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू शिकलायस."

मी म्हणालो, "काकी, पाय दोन्ही चाकांना सारखाच लागतो." मला तेवढंच बोलता आलं.

त्यांनी साखळी उचलून बाजूला ठेवली. मग काकांना म्हणाल्या, "मी इतके दिवस तुम्हाला नको नको ते बोलले."

"तेव्हा मला पण माहीत नव्हतं. आज कळलं."

"मग आज तरी बोलायचं."

काकींनी डोळ्याला पदर लावला नाही, माफी मागितली नाही. त्या अंगणात गेल्या आणि कॅरिअरची गाठ सोडायला लागल्या. गाठ ओली होती, सुटेना. काका उठून गेले, त्यांनी ती एका झटक्यात सोडली. गाठी हा तांडेलाचाच विषय आहे. दोरी दोघांनी धरली आणि बोंबील हातभर खाली आले.

"हेमंत," काकी तिथूनच म्हणाल्या, "बांबू आण. आत्ता. आणि चावी दे."

"कोणाला?"

"मला चालवता येते काय?"

हेमंतने चावी काकांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली, कारण त्यांचे दोन्ही हात दोरीला होते. मग तो आणि मी पहार घेऊन खड्डा खणायला लागलो. मला तो माझ्या प्रवासातला सगळ्यात सोपा भाग वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेवजीची फेरी सुरू झाली. हेमंत वापीला कामावर गेला. टोपल्या मी चढवल्या आणि त्यांच्यामध्ये मागे बसलो. काकी पुढे, काकांशेजारी. काका नेहमीसारखे वळणाआधीच वेग उतरवत होते.

उतार आला. ते शेतही आलं. भाताच्या खुंटांमध्ये चाकांची खूण अजून दिसत होती.

"इथे दाबा," काकी म्हणाल्या.

"गरज नाय. रस्ता मोकळा आहे."

"मी बोलते, दाबा. जोरात."

काकांनी दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध, सरळ, थरथर न करता थांबली. एक टोपली माझ्या गुडघ्यावर आली, पण तो ब्रेकचा दोष नव्हता, मी तिला धरलं नव्हतं. काकींनी खिडकीतून शेताकडे बघितलं. मग चांगल्या हाताने समोरचा डॅशबोर्ड धरला, नीट बसल्या आणि म्हणाल्या, "आता त्या आंब्यापाशी."

आंब्यापाशी दाबला. मग पुलापाशी. मग शाळेपाशी, जिथे पोरं हसत उभी राहिली. चाळीस वर्षं ब्रेकशिवाय धक्क्याला लागणारा तो माणूस वेवजीपर्यंत ती म्हणेल तिथे ब्रेक दाबत गेला, एकदाही कुरकुर न करता. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून सुरुवातीला असेच पुन्हा पुन्हा ब्रेक लावायचे असतात. हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि सकाळी निघताना सांगायला विसरलो होतो. आता सांगण्याची गरज उरली नव्हती. मी दोन्ही टोपल्या धरून बसलो.